आठ गाड्या पाणी आणि अकरा जोड बूट

हरणाऱ्या टीमच्या मागे दर रविवारी धावणाऱ्या माणसाला लोक वेडा म्हणतात, आणि त्यात लोकांची काही चूक नाही. मी तसा वेडा होतो आणि माझे वडील माझ्याहून जास्त होते. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं आम्ही दोघांनी यवतमाळच्या मोठ्या मैदानावर आमच्या पेठेच्या फुटबॉल क्लबला इतक्या शिव्या दिल्या, की तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी नामस्मरण केलं असतं तर तो सरळ स्वर्गात गेला असता. पण आम्हाला त्या शिव्यांची गरज होती. कारण घरात आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी काढणाऱ्या त्या यंत्रांचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा, आणि जेवता जेवता हात थांबवून ते कोणत्या यंत्राचा पट्टा सैल झालाय ते सांगायचे. मीही त्यांच्या हाताखाली लागायचं, हे त्यांनी मी पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. फक्त मला विचारायचं राहून गेलं होतं. मी मॅट्रिक झालो, नगरपालिकेत अर्ज केला आणि कारकून म्हणून लागलोसुद्धा. आता हे त्यांना सांगायचं कसं, या भीतीत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पानठेल्यावर कोणीतरी त्यांचं अभिनंदन केलं. घरी येऊन त्यांनी चप्पल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साऱ्या गावाले मालूम, बापाले मालूम नाही." घरात ते माझ्याशी बोललेलं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं काहीच नाही.

घरात माणसं तीनच: ते, मी आणि माय. सगळी बोलणी मायच्या मार्फत चालायची. बाबा माझ्यापासून दोन हातांवर बसून मायला म्हणायचे, "त्याले सांग, कंदिलाची काच पुसून ठेव म्हनाव." माय माझ्याकडे वळायची. "कंदिलाची काच पुसून ठेव म्हंतेत." मी म्हणायचो, "पुसली म्हनाव." ती तिकडे वळायची. "पुसली म्हंते." भाकरी थापता थापता बिचारीची मान दुखून यायची. "माह्या जिवाचं पोस्ट ऑफिस करून ठेवलं दोघांनी," असं ती शेजारणीला सांगायची, आणि ते आम्ही दोघंही ऐकायचो.

त्याच वर्षी बाबांचं जिनिंगच्या शेठशीही फाटलं. शेठनं त्यांना माडीवरच्या ऑफिसात बोलावून मजुरांदेखत अरे-तुरे केलं. बाबांनी हातातला पाना टेबलावर ठेवला आणि पुन्हा ह्या पायऱ्या चढणार नाही असं सांगून खाली उतरले. मग त्यांनी शिलाई मशिनी, स्टोव्ह आणि सायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं. सकाळी सातला ते उघडायचं म्हणजे उघडायचंच. रविवारी सकाळी खेड्यांतून बैलबंड्या यायच्या, तेव्हा तर गर्दी जास्तच. दुपारी मात्र ते फळ्या लावून मोकळे व्हायचे आणि चार वाजता मैदानावर हजर असायचे.

मैदानाच्या एका बाजूला मातीचा बांध होता. लोक त्यावर बसायचे. मीही जायचो, पण त्यांच्यानंतर निघायचो आणि त्यांच्यापासून लांब बसायचो. एका रविवारी गर्दीनं ढकलत ढकलत मला नेमकं त्यांच्या शेजारी आणून बसवलं. आमचा लेफ्ट आउट धंद्यानं टेलर होता. पळायचा हरणासारखा, पण बॉल घेऊन पळता पळता मैदान संपलं हे त्याच्या लक्षात यायचं नाही. त्या दिवशी समोर गोल रिकामा, गोलकीपर जमिनीवर पडलेला, आणि ह्यानं बॉल मारला तो थेट कडुनिंबाच्या शेंड्यात. बाबा समोर पाहतच म्हणाले, "ह्यानं शिवलेल्या पायजम्याचे दोन्ही पाय एकाच बाजूनं निंगत असतीन." मीही समोर पाहतच म्हणालो, "माहा पायजमा त्यानंच शिवला. तसाच हाय." बाबा खुदकन हसले. मग आम्हा दोघांनाही कळलं की आपण बोललो.

त्यानंतर दर रविवारी मी तिथेच बसू लागलो. न सांगता काही नियम ठरले. एकमेकांकडे पाहायचं नाही. बोलायचं ते मॅचविषयीच. शेवटची शिट्टी वाजली की बाबा उठून चालू लागायचे, मी जरा मागे राहायचो आणि घरी गेल्यावर पुन्हा माय मधे. एकदा मी घासलेटाचा विषय काढून पाहिला, तर बाबा बहिरे झाले. मग मला युक्ती सापडली. त्यांना खोकला झाला होता आणि ते दवाखान्यात जात नव्हते. मी मैदानाकडे पाहत म्हणालो, "आपल्या गोलकीपरची तब्येत बरी नाही दिसत. खोकून राह्यला. डॉक्टरले दाखवाव त्यानं." बाबा म्हणाले, "थंडीचा खोकला हाय. जाईन आपोआप." थोड्या वेळानं म्हणाले, "टेलरचं लग्न कराव लागते आता. वय होऊन राह्यलं." मी म्हणालो, "त्याले तीन लेकरं हायेत, बाबा." ते म्हणाले, "मंग दुसऱ्या कोनाचं कराव लागत असन."

माझ्या आयुष्यात आठवड्याला दीड तास बाप होता, आणि तो मला ह्या भिकार टीमनं दिला होता. म्हणून पुढच्या गोष्टीत मी जे काही केलं, त्याची मला आजही लाज वाटत नाही. हसू मात्र येतं.

जिल्ह्याच्या साखळी सामन्यांत दोन गट होते. वरच्या गटातले क्लब मोठ्या मैदानावर दुपारी चारला खेळायचे. तिथे चुन्याच्या रेघा असायच्या, गोलला जाळी असायची आणि चणेवालाही असायचा. खालच्या गटाचे सामने नाल्यापलीकडे बैलबाजाराच्या मैदानावर रविवारी सकाळी सातला व्हायचे. तिथे जाळी नव्हती, रेघा नव्हत्या आणि प्रेक्षक नव्हते. बाबा म्हणायचे, "तिथं खेळनारे बावीस, आन् पाहनारे बैल." वरच्या गटात जो शेवटी राहील तो पुढच्या वर्षी खाली जायचा. सकाळी सात म्हणजे बाबांच्या दुकानाची वेळ, आणि मी रविवारी नऊशिवाय डोळे उघडत नव्हतो. क्लब खाली गेला तर आमचा दीड तासही गेला, हा हिशोब मला अगदी पहिल्या दिवसापासून समजला होता.

आणि क्लब खालीच चालला होता. हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा, म्हणजे नेमका जिनिंग जोरात असण्याच्या दिवसांत. आमच्या टीममधले सहाजण जिनिंगचे मजूर. पाळी संपवून, भुवयांवर रुईचा फुफाटा घेऊन ते धावत यायचे आणि अर्ध्या तासात बसकण मारायचे. कॅप्टन म्हणजे आमचा गोलकीपर टांगेवाला होता. त्याचं अर्धं लक्ष मैदानाबाहेर कडुनिंबाला बांधलेल्या घोड्यावर असायचं. घोडा खिंकाळला की तो मागे वळून पाहायचा, आणि हे आता सगळ्या क्लबांना माहीत झालं होतं. एका टीमचे लोक तर मॅचच्या वेळी घोडी आणून बांधायचे, असं बाबांचं म्हणणं होतं. मी ती घोडी पाहिली नाही, पण नाही असंही म्हणणार नाही.

दर रविवारी हरल्यावर बांधावरचा प्रत्येक माणूस शपथ घ्यायचा की पुन्हा इकडे पाय ठेवणार नाही. पुढच्या रविवारी तोच माणूस अर्धा तास आधी येऊन चांगली जागा धरायचा. "तू तर येनार नव्हता," असं कोणी म्हणालं की उत्तर ठरलेलं असायचं: "पाहाले आलो, किती गोल खातेत ते." एकानं दाढी वाढवली, एकानं बिडी सोडली आणि मग दुप्पट धरली. शेवटच्या सामन्याआधीच्या गुरुवारी आम्ही पाच-सहाजण नारळ घेऊन कळंबच्या चिंतामणीला निघालो. एसटीत चढलो तर पुढच्या बाकांवर शाळामास्तरांच्या टीमचे तिघे बसलेले, आणि त्यांच्याही मांडीवर नारळ. आमच्याइतकीच ती टीमही बुडत होती, आणि शेवटचा सामना त्यांच्याशीच होता. कोणी कोणाला कुठे निघालात हे विचारलं नाही. देवळात त्यांनी आमच्याआधी नारळ फोडला. येताना आमच्यातला एकजण सारखा म्हणत होता, "पयले त्यायनं सांगतलं ना बे देवाले. आपलं आता कोन आयकते."

आमचं गणित सोपं होतं. बरोबरी झाली तरी आम्ही वर राहणार होतो. मास्तरांना मात्र जिंकावंच लागणार होतं. पण त्यांच्यात दोन गोष्टी आमच्यापेक्षा भारी होत्या. एक म्हणजे त्यांचे फॉरवर्ड गुरुजी. पन्नाशीला आलेले, पण पायात अजून ताकद. आमच्या टांगेवाल्याला त्यांनी चौथीत शिकवलं होतं, म्हणजे मुख्यतः बडवलं होतं. गुरुजी बॉल घेऊन आले की त्याचे हात आधी जोडले जायचे आणि मग पसरले जायचे. दुसरी गोष्ट म्हणजे बूट. मास्तरांच्या सगळ्या टीमला चामड्याचे, तळाला गुट्ट्या ठोकलेले बूट होते. आमचे सगळे अनवाणी. गुट्टी पायावर पडली की आमचा माणूस पाय धरून नाचायचा आणि मास्तर पुढे निघून जायचे.

ह्या बुटांचं काय करायचं, ह्याचा विचार करता करता शुक्रवारी कचेरीत बसल्या बसल्या मला अक्कल सुचली. नगरपालिकेत माझ्याकडे पाण्याच्या गाडीचं काम होतं. बैलगाडीवर लोखंडी टाकी आणि मागे भोकांची नळी. रस्त्यावर आणि मॅचच्या दिवशी मैदानावर धूळ बसावी म्हणून एक गाडी पाणी शिंपडायचा रिवाजच होता. आमचं मैदान म्हणजे निव्वळ काळी चिकण माती. आपल्याकडची काळी जमीन ओली झाली की काय करते ते इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. अनवाणी पाय आत जातो आणि बाहेर येतो. बूट आत जातो, आणि बाहेर येताना अर्धं शेत बरोबर घेऊन येतो. आठ-दहा पावलांत माणसाच्या पायाला दोन उखळं बांधल्यासारखी होतात. मास्तरांना बूट आणि आम्हाला पाय. मी जागच्या जागी हसलो, आणि हेडक्लार्कनं विचारलं की काय झालं.

शनिवारी दुपारपासून मी गाडी मैदानावर लावली. गाडीवान म्हातारा, अनुभवी माणूस. पहिली गाडी झाली, दुसरी झाली, तिसरीला त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाचवीला तो बैल थांबवून म्हणाला, "बाबू, भंडारा जिल्ह्यावानी धान लावता काय इथं?"

"धूळ लय झाली काका," मी म्हणालो.

"धूळ कवाच मेली," तो म्हणाला, "आता तुमी मुडदा बुडवून राह्यले." पण हुकूम तो हुकूम. संध्याकाळपर्यंत सहा गाड्या झाल्या आणि रविवारी सकाळी वरून दोन. वर कोरडी दिसणारी पातळ साय धरली, खाली लोणी. मी कोणालाही सांगितलं नाही. बाबांना सांगावंसं फार वाटत होतं, पण ते मायमार्फत सांगण्यासारखं नव्हतं.

रविवारी मी साडेतीनलाच बांधावर गेलो. बाबा आधीच आलेले. त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळाच खुललेला होता. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी. मीही आतून खुललेला. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून लग्नघरच्या व्याह्यांसारखे समोर पाहत होतो.

मग शेठची मोटार आली. जिनिंगचे शेठ मॅचला कधीच येत नसत. नोकरानं रेघेजवळ खुर्ची मांडली, शेठ बसले, पानाचा डबा उघडला. आणि मोटारीमागून आमची टीम चालत आली. नवी नाल ठोकलेल्या बैलांसारखे सगळे पाय उचलून उचलून टाकत होते. अकराच्या अकरा जणांच्या पायात कोरे करकरीत बूट.

बांधावर टाळ्या पडल्या, कोणी शिट्ट्या मारल्या. शेठनं नागपुराहून आणवलेत अशी बातमी पसरली. ते बारदान मागवावं तसे मागवले होते, सगळे एकाच मापाचे. ज्यांचे पाय लहान त्यांनी पुढे रुई कोंबली होती. यवतमाळात रुईला काय तोटा. ज्यांचे मोठे ते लंगडत होते. मी बाबांकडे चोरून पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते. पण आमचा टेलर रेघ ओलांडून आत गेला, त्याचा बूट पचकन घोट्यापर्यंत रुतला, आणि बाबांच्या टाळ्या हवेतच थांबल्या.

"हे काय होय," ते म्हणाले. "पानी कोनं मारलं एवढं?"

मी कडुनिंबाच्या शेंड्याकडे पाहू लागलो.

मॅच सुरू झाली आणि पाच मिनिटांत बावीस माणसांच्या पायांना बावीस जोड उखळं लागली. बॉल एका जागी बसून होता आणि सगळे त्याच्याकडे जायचा प्रयत्न करत होते. मग गुरुजींनी हात वर केला, रेफरीला काही सांगितलं, बाजूला जाऊन खाली बसले आणि शांतपणे बुटांच्या नाड्या सोडल्या. एकेक करून सगळ्या मास्तरांनी बूट काढले, शाळेबाहेर ठेवतात तसे ओळीनं रेघेवर ठेवले आणि अनवाणी आत गेले.

बांधावरून सगळे ओरडू लागले, "काढा बे बूट. काढा." पण आमच्यापैकी एकही वाकला नाही. सगळे शेठच्या खुर्चीकडे पाहत होते. ज्यानं सकाळी आपल्या हातानं बूट दिले, त्याच्यासमोर ते चिखलात काढून टाकायचे म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखंच, आणि सहाजणांना सोमवारी त्याच्याच फाटकातून आत जायचं होतं. हाफ टाइमला शेठ स्वतः उठून संत्री वाटायला आले. टांगेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कैसे लगे बूट?" टांगेवाला गुडघ्यापर्यंत चिखलात होता. "एकदम बढिया, सेठजी," तो म्हणाला.

तरी आमच्या लोकांची मला कमाल वाटते. पायात तो भार घेऊन त्यांनी शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत गोल होऊ दिला नाही. आडवे पडले, लोळले, एकमेकांना धरून उभे राहिले. बाबांनी माझा दंड पकडून ठेवला होता आणि ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. मी हलायलाही तयार नव्हतो.

मग गुरुजी सुटले. बॉल पुढे, गुरुजी मागे, समोर फक्त आमचा टांगेवाला. तो हात पसरून उभा. गुरुजी धावता धावताच वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बाजूला हो." आणि तो झाला. पुढे कित्येक वर्षं तो शपथेवर सांगायचा की बूट रुतला होता म्हणून तोल गेला. पण आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तो चौथीतला मुलगा होतो तसा बाजूला झाला आणि बॉल जाळीत गेला.

अजून दोन मिनिटं होती. आमच्यातल्या कोणीतरी बॉल उंच उडवला आणि तो नेमका टेलरच्या पुढ्यात पडला. मास्तरांचा गोलकीपर घसरून पडलेला. रिकामा गोल, सात-आठ हातांवर. सगळा बांध उभा राहिला. टेलरनं पाय मागे नेला, आयुष्यभराचा राग गोळा केला आणि मारला. जाळीत काहीतरी धपकन जाऊन बसलं. आम्ही "गोल" म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडलो. रेफरी जाळीपाशी गेला, वाकला आणि हात घालून त्यानं बूट बाहेर काढला. त्यातून रुईचा बोळा लोंबत होता. बॉल टेलरच्या मोज्यापुढे होता तिथेच बसलेला होता.

शिट्टी वाजली. आमचा क्लब बैलबाजारात गेला.

मग बांधावर जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. बाबा उभे राहून ओरडत होते, "पानी मारनारा कोन होय, त्याले पयले आना समोर. त्याच टाकीत कोंबला पाह्यजे त्याले." आणि मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होतो, "बूट कोनं मांगतले? ज्यानं मांगतले त्याच्या गळ्यात बांधा ते." लोक आम्हाला दोघांना आळीपाळीनं पाठिंबा देत होते. आयुष्यात बापलेकाचं इतकं एकमत पहिल्यांदाच झालं होतं.

गर्दी पांगली. नेहमीप्रमाणे बाबा पुढे निघाले आणि मी मागे. पण त्या दिवशी मला ते सहन होईना. दोन वर्षांपूर्वी मी आठ दिवस गप्प राहिलो होतो, त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. मी पावलं उचलून त्यांच्या बरोबरीला आलो.

"बाबा," मी म्हणालो, "पानी म्या मारलं."

ते चालतच राहिले. मग विचारलं, "किती?"

"आठ गाड्या."

फिटर माणूस. त्यांनी मनात काही मोजलं. "चारात भागलं असतं," ते म्हणाले. मग आणखी थोडं चालून, समोर पाहतच म्हणाले, "बूट म्या मांगतले."

मी थांबलो. "तुमी? त्या माडीवर गेलते?"

"गेलतो. खाली उभं राहून बूट भेटत नाहीत."

"काय म्हने शेठ?"

"काय म्हनते. बस म्हने. म्या नाही बसलो. पोराइले बूट द्या म्हनलं, बस."

बाबांनी कोणापुढे हात पसरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. सोसायटीच्या दुकानात साखर संपली तर दुसऱ्यांदा विचारत नसत. मला राहवलं नाही. "पन कायले, बाबा? एका टीमसाठी?"

त्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, झालं, बहिरे झाले पुन्हा. मग म्हणाले, "बैलबाजारात सकाळी साताले मॅच असते. तू नवाले उठतं. मंग म्या शिव्या देऊ कोनापाशी?"

रस्त्यात, पंचवीस वर्षांचा नगरपालिकेचा कारकून, मैदान ओलांडताना चिखलानं भरलेला, रडायचा बाकी राहिला. तोवर घर आलं. बाबा आत शिरले, खाटेवर बसले आणि मायला म्हणाले, "त्याले सांग, पाय धुवून ये म्हनाव." दोन वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. मीही मायला सांगितलं की धुतो म्हनाव.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. घरात तसंच चाललं होतं. दिवाळी झाली आणि खालच्या गटाचे सामने लागले. शनिवारी रात्री जेवताना कोणी त्याचं नाव काढलं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की काही झालं तरी सहाला उठायचं, आणि मेल्यासारखा झोपलो.

सकाळी कोणीतरी माझ्या पांघरुणाचं टोक ओढलं. डोळे उघडले तर बाबा उभे. धुतलेलं धोतर, टोपी.

"उठ बे," ते म्हणाले. "साडेसहा होऊन राह्यले."

मी इतका गोंधळलो की माय कुठे दिसते का ते पाहू लागलो. ती विहिरीवर गेली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि चहाशिवाय निघालो. वाटेत त्यांचं दुकान लागलं. फळ्या लावलेल्या होत्या. एक खेडूत हातात स्टोव्ह घेऊन पायरीवर बसला होता. बाबांनी त्याला नऊनंतर ये असं सांगितलं आणि पुढे झाले.

बैलबाजारावर धुकं होतं, शेणाचा वास होता आणि सगळे मिळून प्रेक्षक नऊ. आमची टीम पुन्हा अनवाणी. समोरची टीम खालच्या गटातली सगळ्यात कच्ची होती, आणि आम्ही दोन गोलांनी हरलो. दुसरा गोल टेलरनं केला, आपल्याच बाजूला. शिट्टी वाजल्यावर बाबा उठले, पण पुढे निघाले नाहीत. मी त्यांच्या धोतराला लागलेलं गवत झाडून देईपर्यंत थांबले, आणि मग आम्ही भांडत भांडत निघालो. टेलरला गोलकीपर करावं असं त्यांचं म्हणणं होतं, म्हणजे निदान हातानं तरी काही धरील. मी म्हणत होतो की त्याला घरीच ठेवावं. नाला ओलांडला, पेठ आली, दार आलं, आमचं भांडण थांबलं नाही. हातपाय धुताना बाबा तांब्या आपटून मला फुटबॉल शिकवत होते आणि मी त्यांना मधेच तोडत होतो.

माय पिठाचे हात घेऊन चुलीपासून उठून दारात आली. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हरले काय?" तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की बाबा तिच्यावरच भडकले.